कावीळ : भय कोठे आणि किती

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव, मुलांची नाटिका आणि भोजन यांच्यामध्ये एका डॉक्टराला उभे करण्याचे धाडस कार्यवाहांनी केले आहे, आणि विषयही दिला आहे तो काविळीचा. भोजनापूर्वी असला विषय नको, असे एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला सौम्य शब्दांत सुचविले. त्यांचा मान राखून मला एवढेच म्हणावयाचे आहे की, हा विषय भोजनापूर्वीच निघाला तर बरा. भोजनोत्तर काढून त्याचा फारसा उपयोग नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. कावीळ हे रोगाचे नाव नव्हे. ते एक चिन्ह आहे. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी आपले आयुष्य संपले म्हणजे मोडतात, आणि त्यांतून पिवळ्या रंगाचे एक द्रव्य निघते. त्याचा निचरा करण्याचे काम यकृताचे. यकृत आजारी पडले, किंवा पित्ताची वाट खड्याने अडली, तर हे द्रव्य रक्तात साचते व डोळे, त्वचा आणि लघवी पिवळी होते. मद्याने कावीळ होते, काही औषधांनी होते, नवजात अर्भकालाही होते. या सर्वांचा विचार आज शक्य नाही. आज मी फक्त विषाणूंमुळे होणाऱ्या यकृतदाहाविषयी, म्हणजे ज्याला हेपॅटायटिस म्हणतात त्याविषयी बोलणार आहे.

काविळीच्या रोग्याला सारे जग पिवळे दिसते, अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. म्हण म्हणून ती उत्तम आहे, वैद्यक म्हणून चूक आहे. रोग्याला जग पिवळे दिसत नाही, जगाला रोगी पिवळा दिसतो. आणि ज्या रोग्यांविषयी मला आज अधिक कळकळीने बोलावयाचे आहे, ते तर जगालाही पिवळे दिसत नाहीत. ते आपल्यामध्ये धडधाकट वावरत असतात. माझ्या मते आपल्या समाजात या विकाराविषयी भय कमी नाही. पण ते बाळगण्याची जागा चुकली आहे.

या विकाराचे विषाणू पाच : ए, बी, सी, डी आणि ई. नावे एका वर्णमालेतील असली तरी ही भावंडे नव्हेत. त्यांचे कूळ वेगळे आणि घरात शिरण्याचा दरवाजाही वेगळा. ए आणि ई हे तोंडावाटे येतात. रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात, असा त्यांचा प्रवास असतो. बी आणि सी हे रक्तावाटे येतात. डी हा परोपजीवी आहे. जेथे बी असेल तेथेच त्याचा निभाव लागतो, म्हणून त्याची वेगळी कथा सांगत नाही.

पाण्याच्या काविळीची सर्वांत बोधप्रद हकीकत आपल्या राजधानीतील आहे. १९५५ साली यमुनेला पूर आला आणि पूर ओसरल्यावर नदीने आपले पात्र थोडे बदलले. दिल्ली शहराला पाणी पुरविणारे उपसा केंद्र वजिराबादला होते. त्याच्या खालच्या अंगाला शहराचे सांडपाणी वाहून आणणारा नजफगढचा नाला यमुनेस मिळतो. नोव्हेंबरच्या मध्यास काही दिवस असे आले की, नाल्याचे पाणी उलटे फिरून उपशाच्या तोंडापर्यंत पोचले. पाणीखात्याच्या हे लक्षात आले आणि त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढविली. तिचा उपयोगही झाला : टायफॉइड आणि आमांश यांची साथ आली नाही. परंतु डिसेंबर उजाडला आणि घराघरांतून माणसे पिवळी पडू लागली. जानेवारीपर्यंत चाललेल्या त्या साथीत कावीळ झालेल्यांची संख्या सुमारे २९ हजार ३०० होती, असा अंदाज डॉ. विश्वनाथन यांनी आपल्या अहवालात दिला. जंतू मारण्यास पुरे पडलेला क्लोरीन विषाणूला पुरा पडला नव्हता. पाणी गढूळ असले की क्लोरीनची शक्ती त्या गाळावरच खर्च होते. पाण्याला क्लोरीनचा वास आला की ते निर्धोक झाले, अशी जी आपली समजूत आहे तिच्याविषयी यावरून काय ते समजावे.

या साथीत दोन गोष्टी विचित्र होत्या. पाण्याची कावीळ ही मुलांची, असे पाश्चात्त्य ग्रंथ सांगत. येथे तर तरुण आणि प्रौढ माणसे अधिक आजारी पडली. दुसरी गोष्ट अधिक दुःखद होती. गर्भवती स्त्रियांमधील मृत्यूंचे प्रमाण इतरांच्या मानाने फार मोठे होते. त्या वेळी याचा उलगडा झाला नाही. आपल्या स्त्रिया अशक्त, त्यांचा आहार निकृष्ट, असे म्हणून प्रश्न मिटविण्यात आला. (स्त्रियांच्या दुखण्यांबाबत हे उत्तर आपल्याकडे नेहमीच हाताशी असते.)

उलगडा होण्यास पंचवीस वर्षे लागली. १९७८ च्या अखेरीस काश्मीर खोऱ्यात तशीच साथ पसरली, आणि तेथील डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगाव फिरून तिचा अभ्यास केला. रोग्यांच्या रक्तात नव्या साथीची निशाणी नव्हती, ना ए ची ना बी ची. दिल्लीच्या साथीतील रक्ताचे जतन केलेले नमुने तपासले, तेव्हा तीही साथ ए ची नव्हती, असे १९८० साली सिद्ध झाले. मग हा तिसरा कोण? सोव्हिएत संघातील बलायन नावाच्या शास्त्रज्ञाने याचे उत्तर शोधण्यासाठी जे केले ते ऐकून आपण चकित व्हाल. अफगाणिस्तानातील काविळीच्या रोग्यांच्या विष्ठेचा अर्क त्याने दह्यात कालवून स्वतः प्राशन केला. यथाकाल त्याला कावीळ झाली आणि त्याच्याच विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली नवा विषाणू दिसला. हे १९८३ साली प्रसिद्ध झाले. त्या विषाणूला आज हेपॅटायटिस ई म्हणतात.

प्रौढच का आजारी पडले, याचेही उत्तर त्यातच आहे. आपल्या देशात ए हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच गाठीत असे. लहान मुलाला त्याने कावीळ क्वचितच होते. चार दिवस ताप येऊन जातो आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळते. त्यामुळे प्रौढपणी जो दार ठोठावीत असे तो ई. आणि हा ई गर्भवतीच्या शेवटच्या तीन महिन्यांत कमालीचा क्रूर होतो. एरवी ज्या विकारात शंभरांत एखादा दगावतो, त्यातच या अवस्थेतील स्त्रिया शंभरांत वीस ते पंचवीसपर्यंत दगावल्याचे साथींमध्ये आढळले आहे.

ही दूरची किंवा जुनी कथा आहे असे कोणी मानू नये. २०१२ च्या उन्हाळ्यात आपल्या इचलकरंजीत हीच ई ची साथ आली. पंचगंगेचे पाणी आटलेले, त्यात सांडपाणी मिसळलेले, आणि शहर त्यावरच अवलंबून. रोग्यांची संख्या हजारांत गेली, अनेक माणसे मृत्यू पावली, त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. वजिराबाद आणि इचलकरंजी यांच्यामध्ये सत्तावन्न वर्षे गेली, पण नाला आणि नळ यांचे नाते तेच राहिले.

ए च्या बाबतीत मात्र एक नवा पेच पडला आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले आता गाळलेले पाणी पितात आणि बंद सदनिकांत वाढतात. ही आनंदाचीच गोष्ट. परंतु त्यामुळे ए शी त्यांची बालपणी गाठ पडत नाही, आणि महाविद्यालयात किंवा नोकरीच्या गावी खानावळीत ती पहिल्यांदा पडते. मोठ्या वयात हा विषाणू मुलांना सोडतो तसा सोडत नाही. दहांतील सातांहून अधिकांना स्पष्ट कावीळ होते, आणि क्वचित यकृत निकामीही होते. केरळ हे आरोग्यात अग्रेसर राज्य, तेथे अलीकडच्या वर्षांत तरुणांमध्ये ए च्या साथी येत आहेत, त्याचे कारण हेच. या विषाणूविरुद्ध लस आहे. राष्ट्रीय लसीकरणात ती नसली तरी खाजगी दवाखान्यात मिळते. शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या मुलाला पेटी-वळकटीबरोबर ती द्यावी, असे माझे मत आहे. ई विरुद्धची लस चीनमध्ये निघाली आहे. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ती नाही. तोपर्यंत उकळलेले पाणी हीच तिची लस.

आता भोजनाकडे वळतो. आपल्या लग्नकार्यात आचारी सोवळ्याचा असतो, अन्न वाफाळलेले असते, त्यातून सहसा धोका नाही. धोका असतो तो मठ्ठ्यात घातलेल्या बर्फात, पन्ह्याच्या पिंपात, टँकरच्या पाण्यात, आणि त्या पिंपात कोपरापर्यंत हात बुडवून पेले भरणाऱ्याच्या नखांत. बर्फ थंड असतो म्हणून शुद्ध असतो, हा आपला एक लाडका भ्रम आहे. गोठण्याने विषाणू मरत नाही. मिनिटभर खळखळ उकळल्याने मरतो. आणि ज्या लग्नात हे घडते तेथे घरची गर्भवती लेकही माहेरपणाला आलेली असते, हे विसरू नये. साथीचे लक्षण दिसावयास दोन ते दहा आठवडे लागतात. तोवर मांडव उतरलेला असतो, पाहुणे आपापल्या गावी गेलेले असतात, आणि पन्ह्याचे पिंप कोणाला आठवतही नाही.

कावीळ झाल्यावर आपण काय करतो? प्रथम हळद बंद करतो. पिवळ्याने पिवळे वाढते, हा तर्क. मग तेल-तूप बंद, वरण बंद, आणि रोग्याला नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवून अधिकच क्षीण करतो. उसाचा रस चांगला म्हणून कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ घातलेला रस आणतो, म्हणजे ज्या वाटेने रोग आला त्याच वाटेवर त्याला पुन्हा पाठवितो! रोग्याला भूक लागेल तेवढे साधे, ताजे, पोटभर अन्न द्यावे. हळदीने काही बिघडत नाही.

यानंतर येते कावीळ उतरविणे. डोक्यावर ठेवलेली काड्यांची माळ दिवसागणिक लांबत जाऊन गळ्याखाली उतरते, हे आपण पाहिले असेल. काड्या हिरव्या असताना दोऱ्याच्या सैल गाठींत ओवलेल्या असतात; त्या वाळून आक्रसल्या की गाठी सुटतात आणि माळ वाढते. ती माझ्या डोक्यावर ठेवली तरी वाढेल, खुंटीवर टांगली तरी वाढेल. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते, ते हाताला आधी चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसाने. परंतु मी या मंडळींवर फार रागावत नाही, कारण त्यांच्या यशाचे खरे रहस्य माळेत नसून विषाणूत आहे. ए आणि ई ची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत तीन ते सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या अवधीत जो उपाय केला त्याला श्रेय मिळते. आम्हा डॉक्टरांच्या रंगीत बाटल्यांनाही ते फुकटच मिळत आले आहे. राग येतो तो दोन प्रसंगी : तापल्या सळईने डागतात तेव्हा, आणि रोगी असंबद्ध बोलू लागला, सारखा गुंगीत राहू लागला, किंवा गर्भवती असूनही माळेची वाट पाहत घरी ठेवला तेव्हा. तेथे एक दिवसही दवडू नये.

आता दुसऱ्या दरवाजाकडे, म्हणजे रक्ताकडे येतो. येथे माळेवाल्याचा प्रश्नच नसतो, कारण उतरविण्याजोगे पिवळे काही दिसतच नाही. बी चा शोध असाच योगायोगाने लागला. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बरूच ब्लुमबर्ग हे निरनिराळ्या मानववंशांच्या रक्ताचा अभ्यास करीत असता एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी द्रव्य सापडले. ते बी विषाणूचे आवरण निघाले. त्यावरून तपासणी निघाली, लस निघाली, आणि १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा आज जागतिक हेपॅटायटिस दिन म्हणून पाळतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात बी बाळगणारे २ कोटी ९८ लक्ष आणि सी बाळगणारे ५५ लक्ष लोक होते. चीन सोडला तर एवढा भार जगात कोणत्याही देशावर नाही. यांतील बहुसंख्यांना आपल्याला काही झाले आहे याची वार्ताही नाही. वीस-तीस वर्षे विषाणू यकृतात बसून राहतो; मग एके दिवशी पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते, किंवा यकृताचा कर्करोग निघतो. मद्याला कधी न शिवलेल्या माणसाचे यकृत असे कसे गेले, म्हणून घरचे लोक हळहळतात, आणि शेजारी मनातल्या मनात त्याच्या चारित्र्याविषयी शंका घेतात. हा दुसरा आघात पहिल्याहून कमी नसतो.

हा विषाणू शिरतो कसा? आपल्याकडे बी चा फार मोठा भाग आईकडून अर्भकाला आणि बालपणी मिळतो. यातील गणित ध्यानात ठेवण्यासारखे आहे : जन्मतः संसर्ग झालेल्या शंभर अर्भकांपैकी सुमारे नव्वदांत तो कायमचा राहतो, आणि प्रौढपणी संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाचांतही राहत नाही. म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिली मात्रा द्यावयाची असते. ही लस प्रारंभी परदेशातून येई आणि महाग असे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ती येथे बनवून पुष्कळ स्वस्त केली, आणि २०११ पासून देशभरातील लसीकरणात ती विनामूल्य मिळू लागली. तरीही बारशापर्यंत बाळाला सुई नको म्हणणाऱ्या आज्या अजून भेटतात. त्या आज्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, बाकीचे लाड आपल्या मनाप्रमाणे करा, ही एक सुई मात्र पहिल्या दिवशीच टोचू द्या. कर्करोग टाळणारी जगातील पहिली लस हीच.

दुसरी वाट सुईची. इंजेक्शन दिले नाही तर डॉक्टरने काही केलेच नाही, असे आपल्या लोकांना वाटते, आणि गावोगावचे काही व्यवसायबंधू ही हौस पुरवीत आले आहेत. २००९ च्या आरंभी गुजरातेत मोडासा येथे बी ची साथ आली. ऐंशीच्या वर माणसे दगावली, आणि तपासात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याचे निघाले. बी हा शरीराबाहेर सात दिवसांपर्यंत तग धरतो.

सी च्या बाबतीत इजिप्तचे उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नाईलकाठच्या शेतकऱ्यांना पाण्यातील एका कृमीचा जुना विकार. त्यावर तेथील सरकारने १९५० च्या सुमारापासून पुढील तीसेक वर्षे गावोगाव शिरेत इंजेक्शने दिली. हेतू परोपकाराचा, पण काचेच्या त्याच पिचकाऱ्या नीट न उकळता एकामागून एकास वापरल्या गेल्या, आणि त्यातून सी इतका पसरला की त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक झाले. सी चा शोधच मुळी १९८९ सालचा. सुई टोचणाऱ्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. पण त्याच इजिप्तने २०१८-१९ मध्ये अवघ्या काही महिन्यांत जवळजवळ पाच कोटी लोकांचे रक्त तपासले आणि सापडलेल्यांना औषध दिले. सी साठी आज गोळ्या आहेत; बहुतेकांना बारा आठवडे घ्याव्या लागतात आणि शंभरांत पंच्याण्णवांहून अधिक लोक पूर्ण बरे होतात. बी पूर्णपणे जात नाही, पण रोजच्या गोळीने तो दबून राहतो. आपल्या सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केल्यापासून या तपासण्या आणि औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. ज्यांना पूर्वी रक्त चढविलेले आहे, विशेषतः या शतकाच्या आरंभी सी ची चाचणी रूढ होण्यापूर्वी, ज्यांनी जत्रेत गोंदवून घेतले आहे, ज्यांच्या घरात कोणी यकृताच्या विकाराने गेले आहे, त्यांनी एकदा बी आणि सी ची तपासणी करून घ्यावी.

आता भयाची जागा चुकली असे मी प्रारंभी का म्हटले ते सांगतो. घरात एखाद्याच्या रक्तात बी निघाला की त्याचे ताट-वाटी वेगळी होते, पांघरूण वेगळे होते, मुलांना त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत. वस्तुतः बी आणि सी हे एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्याल्याने, मिठी मारल्याने, शिंकण्याने पसरत नाहीत. आई अर्भकाला अंगावर पाजू शकते. वेगळी ठेवावयाची वस्तू म्हणजे दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश आणि नखे काढण्याचे यंत्र. नेमक्या त्याच आपण सर्वांत मिळून वापरतो. उलट ज्या पाण्याच्या काविळीत रोग्याने स्वयंपाकघरात जाऊ नये, शौचानंतर हात साबणाने धुण्याचा कटाक्ष ठेवावा, तेथे आपण माळ घालून निश्चिंत होतो.

शेवटी एका नाजूक विषयाला हात घालतो. मंडळाच्या वधूवर-सूचक नोंदवहीत पत्रिका, गोत्र, उंची आणि वेतन यांच्या जोडीला रक्ततपासणीचाही एक रकाना असावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे आणि तिच्यावर माझे मत विचारले आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू स्वच्छ आहे. तरीही माझे मत प्रतिकूल आहे. तो रकाना आला की लोक तपासणी करून घेणारच नाहीत. न तपासलेल्या माणसाचा रकाना निर्दोष दिसेल, आणि प्रामाणिकपणे तपासून घेतलेला मुलगा किंवा मुलगी मात्र आयुष्यभरासाठी डागली जाईल. त्यातही मुलीला जास्त सोसावे लागेल, हे आपण सर्व जाणतो. जन्माच्या वेळी आईकडून आलेला विषाणू हा कोणाचा अपराध नव्हे.

परंतु लपवून लग्न करणे हेही मला मान्य नाही. विवाह ठरविताना उभयतांनी तपासणी करून घ्यावी, जे निघेल ते एकमेकांस सांगावे आणि एखाद्या जाणत्या डॉक्टरासमोर एकत्र बसावे. ही गोष्ट त्या दोघांची आहे, नोंदवहीची नव्हे. एकात बी निघाला म्हणून विवाह मोडण्याचे कारण नाही. दुसऱ्याला लस द्यावी, आणि ती लागू पडली की नाही ते रक्त तपासून पाहावे. पुढे आईच बी बाळगणारी असेल, तर बाळाला जन्मतःच, शक्यतो बारा तासांत, लशीबरोबर प्रतिपिंडांचे एक इंजेक्शन देतात. गरज पडल्यास आईला गर्भारपणातच गोळ्या देतात. आणि बहुतेक बाळे निर्मळ राहतात. लशीच्या तीन मात्रा असतात : आज एक, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये एवढे अंतर आपण कार्यालय मिळत नाही म्हणून पुष्कळदा ठेवतोच.